दोन डब्यांची गाडी आणि वीतभर हवा

‘त्यात काय आहे?’ असं मी आयुष्यात जेव्हा जेव्हा चारचौघांत म्हणालो, तेव्हा तेव्हा त्यात काय आहे हे मला एकट्यालाच शोधून काढावं लागलं. बाथरूमचा नळ बदलताना म्हणालो, बायकोच्या मैत्रिणीचं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना म्हणालो, ऑफिसच्या कार्यक्रमात बासरी वाजवायचं कबूल करतानाही म्हणालो. पण नळ गळला तर खाली बादली ठेवता येते. रेल्वेगाडी रुळांवर तरंगायला लागली तर खाली काय ठेवावं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

झालं असं, की सासूबाई गेल्या आणि माझे सासरे आमच्याकडे राहायला आले. आले म्हणजे बायकोने आणलं, आणि त्यांनी विरोध केला नाही. विरोध करायलाही थोडंफार बोलावं लागतं. आमच्या गॅलरीच्या दाराशी एक वेताची खुर्ची आहे, तिच्यात ते बसू लागले. पण रस्त्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. माणसाने दिवसभर बघत राहावं असं आमच्या भिंतीत काही नाही. एक कॅलेंडर आहे, तेही मागच्या वर्षाचं.

“बाबांचं मन कशात तरी लागायला हवं हो,” बायको म्हणायची. “नाहीतर हे असेच बसून बसून...” पुढचं वाक्य ती कधीच पुरं करायची नाही आणि भांडी जरा जोरात आपटायची.

आता मन लावण्याची जबाबदारी जावयावर येते कुठे, असं कोणी म्हणेल. माझंही तेच म्हणणं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्हा सासरे-जावयांत झालेलं सगळं बोलणं एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि पत्त्याला जागा उरली असती. “आलात?” “आलो.” “बसा.” “बसतो.” ते मला नावं ठेवतात असंही नाही. पण ज्याला सासरा नावंही ठेवत नाही त्या जावयाने आपली काय किंमत करावी, हे तुम्हीच सांगा.

एका रविवारी दुपारी इमारतीचे सेक्रेटरी आणि तळमजल्यावर दवाखाना असलेले दातांचे डॉक्टर सासऱ्यांना भेटायला आले. सेक्रेटरींना सगळे माघारी ‘ठराव’ म्हणतात, कारण जिन्यातला दिवा बदलायलाही ते ठराव करतात. त्यांनी चहाचा कप उचलला आणि विचारलं, “आपण रेल्वेत होता म्हणे?”

“ड्रायव्हर होतो,” सासरे भिंतीला म्हणाले.

“वा! कुठली गाडी?”

“फाट्याच्या लाइनवरची. दोन डब्यांची. बंद झाली.”

बस. एवढ्यावर गाडी सुटली आणि गेली. खोलीत जी शांतता पसरली, ती मला सहन झाली नाही. बायको दारात उभी होती, तिचा चेहरा मला दिसत होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बाबा, तुमची ती गाडी मी परत तयार करतो. कॉम्प्युटरवर. तुम्ही स्वतः चालवायची. त्यात काय आहे?”

सासऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलंच, पण भिंत सोडून पाहिलं. त्या एका बघण्यावर माझे पुढचे कित्येक रविवार गेले.

हे अगदीच हवेतलं बोलणं नव्हतं. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करतो. दिवसभर लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे फोटो माझ्या टेबलावर येतात आणि दरवाजा आधीच चेपलेला होता की नंतर चेपला, यावर मी शेरे मारतो. असलं काम करून घरी आलेल्या माणसाला काही तरी सरळ, न ठोकलेलं बघावंसं वाटतं. म्हणून मी रोज संध्याकाळी रेल्वे सिम्युलेटर लावून बसतो. म्हणजे कॉम्प्युटरवरच आगगाडी चालवतो. त्यात धुकं असतं, टेकड्या असतात, फलाटावर कोणीही नसलेली स्टेशनं असतात. मी वेळेवर गाडी थांबवतो, दारं उघडतो, कोणीच चढत नाही, दारं लावतो आणि निघतो. जगात इतकं निवांत काम दुसरं नसेल. मधूनच स्वयंपाकघरातून आवाज येतो, “कुठे पोचलात?” मी म्हणतो, “पुलाच्या अलीकडे.” मग ती म्हणते, “येताना दूध घेऊन या.”

पण गाडी चालवणं वेगळं आणि गाडी बनवणं वेगळं. त्यासाठी एक सॉफ्टवेअर मिळतं. खास नवशिक्यांसाठी. ठोकळे आणायचे, नळकांडी आणायची, एकमेकांना चिकटवायची, रंग ओतायचा, झाली गाडी. कोपऱ्यात डोळे असलेली एक पेन्सिल असते, ती आपल्याला शिकवते. मी पहिला ठोकळा पडद्यावर ठेवला तेव्हा ती टुणकन उडी मारून म्हणाली, ‘शाब्बास! तुम्ही ठोकळा ठेवलात! मित्रांना दाखवा!’ वरिष्ठ सहायक या पदावर असलेल्या माणसाचं असं कौतुक पूर्वी कोणी केलं नव्हतं. ऑफिसात तर नाहीच. मला थोडा अपमान वाटला आणि थोडं बरंही वाटलं. मी दुसरा ठोकळा ठेवला.

बायको मागून येऊन उभी राहिली. “हे काय, बुटांचा खोका?”

“हा डबा आहे.”

“चाकं?”

“चाकं नंतर.”

चाकं नंतर आली, ती आधी चौकोनी आली. पेन्सिल म्हणाली, ‘चाक गोल असेल तर छान फिरतं!’ मी तिचं तोंड बंद करण्याचं बटण शोधलं. ते नवशिक्यांना दिलेलं नव्हतं.

खरी अडचण पुढेच होती. गाडी दिसायची कशी, हे मला ठाऊक नव्हतं. पण ज्या माणसाने ती वर्षानुवर्षं चालवली तो माणूस माझ्या गॅलरीच्या दाराशी बसलेला असताना मला कसली काळजी! मी कागद घेऊन त्यांच्यासमोर स्टूल ओढलं.

“बाबा, गाडीचा रंग कुठला होता?”

“असेल काहीतरी.”

“हिरवा?”

“एकदा हिरवा असेल.”

“डब्याला खिडक्या किती होत्या?”

“पुढची एक मोठी होती. मागच्या, मागच्यांना माहीत.”

मी कागदावर ‘पुढची एक’ असं लिहिलं आणि उठलो. मनाला फार लागलं. इतकी वर्षं जिच्याबरोबर राहिला तिचा रंग या माणसाला सांगवत नाही म्हणजे सांगायचाच नाही, असा अर्थ मी काढला. जावयाशी बोलण्यापेक्षा रंग विसरलेला बरा, अशा विचाराने मी दोन दिवस ऑफिसात वाकडं तोंड करून शेरे मारले. त्या दोन दिवसांत ज्यांचे दावे आले त्यांचं नुकसान झालं, त्याचं मला वाईट वाटतं.

बायकोला विचारलं तर ती लाटणं हातात घेऊन बाहेर आली. “लाइन बंद झाली तेव्हा मी एवढीशी होते. मला गाडी आठवतच नाही. गाडी गेल्यावर हलत राहणारं गवत आठवतं.”

हे ऐकल्यावर मी गाडी बाजूला ठेवली आणि गवत करायला घेतलं. एकेक पातं. पेन्सिल सारखी म्हणत होती, ‘तुमच्या प्रकल्पात गाडी दिसत नाही!’ पण मी कुठे ऐकत होतो? दुपारचं ऊन टेबलावरून सरकत जायचं, मी पात्याला थोडा बाक द्यायचो, मग ते वाऱ्यावर डुलतं का बघायचो, आणि बघता बघता माझाच डोळा लागायचा. स्वप्नात मी दुसऱ्या डब्यात खिडकीशी बसलेलो असायचो आणि गाडी काही केल्या कुठे पोचायची नाही. पोचावी असं मला वाटायचंही नाही. तो माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ होता. गवत संपलं तेव्हा गाडी होती तिथेच होती, म्हणजे बुटांच्या खोक्यावर.

शेवटी रजा टाकून रेल्वेच्या कचेरीत गेलो. जुन्या गाड्यांची रेखाचित्रं तिथे असतात असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांना कोणी सांगितलं, तर दाढ उपटून घ्यायला आलेल्या एका पेशंटने. आणि तोंडात हत्यारं असताना माणूस काय बोलतो आणि डॉक्टर काय समजतो, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. चौकशीच्या खिडकीत एक शांत चेहऱ्याच्या बाई होत्या.

“एका गाडीबद्दल विचारायचं होतं,” मी म्हणालो. “ती बंद आहे.”

“कधीपासून?”

“पुष्कळ वर्षं झाली.”

त्यांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. “मग तुम्ही इतकी वर्षं थांबलात कुठे?”

मी सगळं समजावून सांगितलं. सासरे, गाडी, सिम्युलेटर, नवशिक्यांचं सॉफ्टवेअर. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. बाई म्हणाल्या, “इथे चालू गाड्यांची चौकशी होते. बंद गाड्यांची खिडकी त्या टोकाला.”

त्या टोकाच्या खिडकीला आतून फळी लावलेली होती आणि बाहेरच्या कट्ट्यावर कुंडी ठेवलेली होती. एक शिपाई कुंडीला पाणी घालत होता. मी त्याला विचारलं, ही खिडकी उघडते कधी? तो म्हणाला, “झाडाला फूल येऊ घातलंय साहेब, आता कशाला उघडायची?” मला त्याचं म्हणणं पटलं. मी थोडा वेळ ती कळी बघितली आणि घरी आलो.

आता रंग ठरवायचा कसा? ही गोष्ट ठरावच्या कानावर गेली आणि त्यांनी ती इमारतीच्या मासिक सभेत घेतली. पाण्याच्या टाकीच्या आधी. ठराव लहानपणी त्या फाट्यावरून एकदा गेले होते आणि गाडी निळी होती असं ते छातीवर हात ठेवून सांगत होते. दातांचे डॉक्टर कधीच गेले नव्हते, पण रेल्वेचे डबे तपकिरी असतात यावर ते हटून बसले. “निळी गाडी म्हणजे काय खेळणं आहे?” असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले आणि लगेच गप्प झाले. चर्चा इतकी रंगली की टाकीचा विषय पुढच्या महिन्यावर गेला. खालचा भाग तपकिरी, वरचा निळा आणि टप पांढरा, असा ठराव बहुमताने पास झाला. सासऱ्यांचं मत घ्यावं असं बायको म्हणाली. ठराव म्हणाले, “ते या इमारतीचे सभासद नाहीत.”

मी मुकाट्याने रंग ओतला. त्यानंतर गाडी सिम्युलेटरमध्ये आणून रुळांवर ठेवली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पडदा तपकिरी होता. सगळाच. बऱ्याच वेळाने उलगडा झाला, की सॉफ्टवेअर मीटरमध्ये मोजतं आणि मी इंचांत मोजत होतो. गाडी स्टेशनात शिरली नव्हती, स्टेशन गाडीखाली शिरलं होतं. पलीकडची टेकडी पहिल्या डब्याच्या पायरीएवढी दिसत होती. मी घाईघाईने गाडी लहान केली आणि घाबरलेला असल्यामुळे पुन्हा एकदा लहान केली. मग ती दिसेनाशीच झाली. मी आणि बायको चष्मे लावून रुळांवरची खडी धुंडाळत बसलो. शेवटी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, “ही काय, रुळांखालच्या दोन स्लीपरांच्या फटीत अडकली आहे.” असल्या ठिकाणी अडकलेल्या वस्तू बघण्यात त्यांची हयात गेली होती.

माप जमलं आणि गाडी तरंगायला लागली.

याचं कारण मला आता नीट सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वस्तूला एक शून्य असतो. त्या शून्यावर ती वस्तू जमिनीला टेकते. गाडीचा शून्य चाकांच्या तळाशी हवा. माझ्या गाडीचा त्याच्याही खाली वीतभर, हवेत कुठेतरी होता. तो हलवायला गेलो की एक डबा टेकायचा आणि दुसरा आणखी वर जायचा, जोडलेल्या कड्या ताणल्या जायच्या. दोन रविवार झगडून मी दोन्ही डबे पुन्हा सारखे तरंगते केले. निदान एकमेकांच्या पातळीवर तरी राहिले. पुष्कळ कुटुंबांत तेवढंही होत नाही.

एकदा सासरे पाणी प्यायला उठले आणि जाता जाता माझ्या पाठीमागे थबकले.

“चाकं टेकत नाहीत,” ते म्हणाले.

“हो.”

“बरं.” आणि ते पाणी प्यायला गेले.

आता शेवटचा अडथळा उरला. सिम्युलेटर चालवणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे. त्यांनी तपासून मंजूर केल्याशिवाय घरी बनवलेली गाडी मोठ्या मार्गावर सोडता येत नाही, ती आपल्याच शेडमध्ये पुढे-मागे करत राहावी लागते. मंडळाचा तपासनीस स्वतःला ‘लाल दिवा’ म्हणवतो. त्याचं खरं नाव काय, तो कुठे राहतो, कोणाला माहीत नाही. मी गाडी पाठवली. तिसऱ्या दिवशी शेरा आला: ‘गाडी जमिनीला टेकत नाही. कारण द्या.’

शेऱ्याला शेरा देणं हे तर माझं पोटापाण्याचं काम. मी लिहिलं: ‘सदर गाडी टेकत नसल्याने रुळांची झीज होत नाही व आवाज कमी होतो. सबब मंजुरी मिळावी.’

उत्तर आलं: ‘अमान्य. तसेच गाडीचा पुढचा डावा कोपरा चेपलेला का आहे?’

मी पडद्याजवळ जाऊन पाहिलं आणि खुर्चीत बसलो. खरंच चेपलेला होता. मी स्वतःच्या हाताने, एकेक बिंदू ओढून, अगदी मन लावून तो चेपला होता. रोज ज्या गाड्यांचे फोटो बघतो त्यांचा डावा कोपरा असाच असतो, त्यामुळे गाडीला डावा कोपरा असाच असतो अशी माझ्या हाताची समजूत झाली होती. न ठोकलेली गाडी कशी दिसते, हे मी विसरून गेलो होतो. बायकोला दाखवलं. ती हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “अहो, तुम्ही दुसरीकडे बदली मागा ना.”

कोपरा सरळ केला. पण तरंगणं जाईना. मग एका संध्याकाळी मी शेरे, सबब, सदर, सगळं सोडून लाल दिव्याला साधं पत्र लिहिलं. माझ्या सासूबाई गेल्या आहेत, लिहिलं. सासरे भिंतीकडे बघत बसतात. ही त्यांची गाडी आहे. ती त्यांना एकदा चालवायला द्यायची आहे. ती टेकत नाही, याला माझा इलाज नाही. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं: ‘सासरे म्हणजे कठीण काम. विशेष बाब म्हणून एक फेरी मंजूर. त्यानंतर गाडी शेडमध्ये.’

फेरीसाठी रविवारची दुपार ठरली. कुणा अनोळखी माणसाने तयार केलेला एक मार्ग मी निवडला होता. एकेरी लाइन, एक वळण, वळणाशी कौलारू घर, आणि दोन्ही बाजूंना माझं गवत. गाडीत ड्रायव्हरची केबिन तर मी फारच देखणी केली होती. हँडल, ब्रेक, घड्याळासारखी दिसणारी यंत्रं, शिट्टीची दोरीसुद्धा. बाबांनी बसावं आणि सवयीचा हात हँडलवर पडावा, हे मी ऑफिसात बसून इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलं होतं, की दोन-तीन दावे त्या तंद्रीत मंजूर झाले.

ठराव आले, डॉक्टर आले. बायकोने खुर्च्या मांडल्या. सासऱ्यांना हाताला धरून आणलं आणि पडद्यासमोर मधोमध बसवलं. मी केबिन लावली. काचेतून समोर रूळ लांबवर गेलेले दिसत होते.

“बसा बाबा. तुमची गाडी,” मी म्हणालो. “हे हँडल. हे दाबलं की निघेल.”

सासऱ्यांचे हात गुडघ्यांवरच राहिले. ते रुळांकडे बघत होते.

“चालवली पुष्कळ,” ते म्हणाले. “मला नाही चालवायची.”

डॉक्टर जमिनीकडे बघू लागले. ठरावांनी घसा खाकरला. बायको पाठमोरी होऊन खिडकीचा पडदा सरळ करू लागली, तो सरळच होता. मला काय वाटलं ते लिहीत नाही. इतके रविवार, ते गवत, तो शून्य, ती पेन्सिल, आणि लाल दिव्याची एक फेरी. मी म्हणालो, “बरं बाबा. राहू दे.” आणि बंद करायला हात पुढे केला.

“ती बाहेरून दाखवता येते?” सासऱ्यांनी विचारलं.

“बाहेरून म्हणजे?”

“येताना. जाताना. बाजूला उभं राहून.” त्यांना इतकं बोलायची सवय राहिली नव्हती. “फाट्यावर एकच गाडी होती, जावईबापू. जायची तीच, यायची तीच. समोरून दुसरी यायचीच नाही. मी कायम आत. अंधाऱ्या शेडमध्ये उभी असायची ती बघायचो, पण उभी गाडी म्हणजे काय गाडी? धावताना ती कशी दिसते, मी कधी पाहिलंच नाही.”

आणि मला वाटलं होतं, हा माणूस सांगत नाही.

“आमच्या क्वार्टरच्या मागून लाइन जायची,” ते म्हणाले. “हिची आई मागच्या दारात उभी राहायची. हिला कडेवर घेऊन.” त्यांनी माझ्या बायकोकडे बोट केलं. “रोज. घरी गेलो की म्हणायची, आज गाडी काय छान दिसत होती! लाइन बंद झाल्यावरही म्हणायची. मी म्हणायचो, हो. मी काय पाहिली होती? तिला काय दिसायचं ते मला बघायचं होतं. ते राहिलं.”

मी केबिन काढून टाकली. सिम्युलेटरमध्ये बाहेर उभ्या असलेल्या माणसाची नजर असते, ती हवी तिथे नेता येते. मी ती वळणापाशी, कौलारू घराच्या मागच्या बाजूला नेली.

“इथे?”

“जरा मागे. दारात.”

मागे घेतली.

“खाली,” सासरे म्हणाले. “एवढी उंच नव्हती ती.”

मी नजर खाली आणली. ते बघत होते. “अजून थोडी.” अजून थोडी आणली. आता गवताची टोकं समोर आली आणि त्यांच्या वर रूळ दिसू लागले.

“हां,” ते म्हणाले.

गाडी आपली आपण चालावी अशी सोय असते. मी बटण दाबलं. पलीकडच्या टोकाला काही वेळ काहीच नव्हतं, नुसती दुपार. मग वळणावर पांढरा टप आला. मग निळा आणि तपकिरी, इमारतीच्या बहुमताने ठरलेला. माझी दोन डब्यांची गाडी रुळांच्या वीतभर वरून, काही आवाज न करता, आमच्यासमोर आली. खिडक्यांतून पलीकडचं आकाश चमकत गेलं. एक डबा गेला, दुसरा गेला. गवत वाकलं आणि हळूहळू सरळ व्हायला लागलं.

सासरे पुढे झुकून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

“खरं सांगायची,” ते म्हणाले.

बायको त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. तिने त्यांचा खांदा धरला. मी मान खाली घातली होती, कारण गाडी समोरून जाताना माझी चूक मला दिसली होती, आणि ती त्यांनाही दिसली असणार हे मला ठाऊक होतं. हँडल केलं, ब्रेक केला, शिट्टीची दोरी केली, पण केबिनमध्ये माणूस करायचा मी साफ विसरलो होतो.

“बाबा,” मी म्हणालो, “आत ड्रायव्हर बसवायचा राहिला. गाडी रिकामीच गेली.”

“असू दे,” सासरे म्हणाले. “मी इथे दारात होतो ना.”